सरांचा चहा

दीपालीनं पहिल्या दिवशी खोटं बोलायला नको होतं. बोलली ती बोलली, वर त्या खोट्यात वर्षभर रोज दोन बिस्किटं बुडवून खाल्ली. मग ते अंगाशी येणार नाही तर काय होणार?

झालं असं की दोन हजार वीसच्या मार्चात लातूरची कॉलेजं बंद पडली. खोलीवरच्या पोरी गाद्या गुंडाळून आपापल्या गावी पांगल्या. पंधरा दिवसांत परत यायचंच आहे म्हणून दीपालीनं एक चप्पलजोड आणि दोरीवरचा ओला टॉवेल तिथंच सोडला. तो टॉवेल अजून वाळतोच आहे म्हणायचं. कारण पंधरा दिवसांचे तीन महिने झाले, आणि बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष सुरू झालं ते रेणापूरपासून दोन कोसांवरच्या तिच्या गावात, तिच्या घरात, ज्वारीच्या पिठाच्या डब्याला टेकवून ठेवलेल्या फोनमध्ये.

डबा समोरच्या बैठकीतच का, तर रेंज तिथंच यायची. आतल्या खोलीत सरांचं तोंड उघडायचं ते उघडंच राहायचं. अंगणात बसावं तर सरांपेक्षा कोंबड्यांचा आवाज मोठा. बैठकीत भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांचे फोटो होते, त्यांच्या बरोबर खाली तीन काड्या रेंज मिळायची. सुमनबाई, म्हणजे दीपालीची माय, म्हणायची, "बघ, अभ्यास कुठं बसून करावा ते बाबासाहेबच दावून राहिलेत."

पहिलं लेक्चर सुरू झालं आणि दहाव्या मिनिटाला दारात ग्यानोबा उभे. ग्यानोबा म्हणजे दीपालीचे आजोबा, सगळ्या गावाचे आबा. वय अठ्ठ्याहत्तर, कान टकाटक, नजर त्याहून टकाटक. घरात परक्या पुरुषाचा आवाज ऐकून ते शेळीचं दावं हातात तसंच धरून आले होते.

"कोन आलंय गं?"

"सर हायती, आबा. कॉलेजचे सर."

आबांनी फोनकडं बघितलं. चष्मा लावलेला एक माणूस फळ्यावर काहीतरी लिहीत होता. आबा तसेच मागं फिरले. पाच मिनिटांनी आले ते दाव्याशिवाय, धुतलेला सदरा घालून आणि लग्नाकार्यातला पटका बांधून. फोनसमोर उभं राहून त्यांनी दोन्ही हात जोडले, "जय भीम, सर." आणि स्वयंपाकघराकडं तोंड करून आवाज दिला, "सुमन, सर आल्याती. चहा टाक!"

आता दीपालीचा माईक बंद होता. सरांना यातलं काही ऐकू जात नव्हतं. तिनं तेव्हाच सांगायचं ना, की आबा, सर नांदेडात नाहीतर लातुरात बसलेत, हा नुसता फोन आहे! ती सांगणारच होती. पण तेवढ्यात चहा आला. रोजच्या स्टीलच्या पेल्यातला काळपट चहा नव्हे. फडताळातला फुलाफुलांचा कप, वर जाड साय, विलायचीचा वास आणि बशीत दोन बिस्किटं. सुमनबाईच्या घरात चहा सकाळी एकदाच व्हायचा, दुसऱ्यांदा मागितला तर "साखरेची मिल काढली का तुझ्या बापानं?" असं ऐकावं लागायचं. दीपालीनं कपाकडं बघितलं. कपानंही तिच्याकडं बघितलं असावं.

आबा शेळीला वैरण टाकून परत आले तर कप रिकामा.

"घेतला का चहा सरांनी?"

"घेतला, आबा."

आबांचा चेहरा असा काही फुलला की म्हाताऱ्याला आता खरं सांगायचं म्हणजे पापच. झालं, रोजचं सुरू झालं. गणिताचे सर आले, चहा. रसायनशास्त्राच्या मॅडम आल्या, चहा. एकदा नुसता फोन कंपनीवाल्याचा फोन आला, त्यालाही चहा. सुमनबाई कप घासायची, तिला काय कळत नव्हतं? पण सासरे खूश तर घर खूश, असा तिचा हिशेब. तीही फोनसमोरून जाताना डोक्यावरचा पदर सारखा करून जायची. सर बघत असले तर? आबा तर पारावर सांगायचे, "आमच्या घरी रोज सर येतेत. चहा घेतल्याबिगर उठत न्हाईत." ऐकणारे तोंड फिरवून हसायचे. आबा आणखी जोरात सांगायचे.

आणि बाहेर काय चाललं होतं? बाहेर कशाचा कशाला मेळ नव्हता. आज बातमी यायची की परीक्षा रद्द. दीपाली पुस्तक मिटायची. दुसऱ्या दिवशी बातमी की परीक्षा होणार. ती पुस्तक उघडायची. मग होणार पण कॉलेजात. मग होणार पण घरून. तारीख तीनदा पडली आणि तीनदा उठली. गावात एकेक घरावर कागद चिकटायचे, आत जायचं नाही म्हणून. कुणाचा खोकला ऐकला तरी माणसं वाट बदलायची. दीपालीला रात्रंदिवस एकच धास्ती होती, आपण या घरात अशाच मुरत जाणार, बरणीतल्या लोणच्यासारख्या. तिला नांदेडला एम.एस्सी.ला जायचं होतं. तिच्या घरातलं माणूस शिकायला लातूरच्या पुढं कधी गेलंच नव्हतं. सगळं येऊन अडलं होतं एका पेपरावर, भौतिक रसायनशास्त्राच्या. त्यात ती आधी एकदा आपटली होती. आता नापास झाली तर वर्ष गेलं, आणि पुढच्या वर्षी जगाचं काय होईल हे तर कुणीच छातीठोक सांगत नव्हतं.

अखेर दोन हजार एकवीसच्या जुलैत तारीख पडली आणि पडूनच राहिली. सोबत नियमांचा कागद आला. चाळीस प्रश्न, एक तास. एका फोनवर पेपर, दुसऱ्या फोनवर परीक्षक सर. कॅमेरा चालू, माईक चालू. खोलीत दुसरं माणूस दिसलं किंवा विद्यार्थी फोनसमोरून हलला की ताकीद. तीन ताकिदी झाल्या की पेपर जागेवर बंद.

दीपालीनं कागद तीनदा वाचला, आणि मग आबांकडं बघितलं. आबा पटक्याची घडी घालत बसले होते.

पेपरच्या दिवशी तिनं लढाईसारखी तयारी केली. आनंदराज, म्हणजे तिचे वडील, लातूरच्या दालमिलीत कामाला. ते आपला फोन तिला ठेवून सकाळच्या एसटीनं गेले. मायला अंगणाच्या फाटकाजवळ बसवलं, कुणालाही आत सोडायचं नाही म्हणून. आणि आबांना? आबांना तिनं पुन्हा खोटं सांगितलं.

"आज सर येणार न्हाईत, आबा. सुट्टी हाय. जावा पारावर, बसा निवांत."

"सुट्टी? बुधवारी?"

"सरांच्या घरी कार्यक्रम हाय."

आबांनी तिच्याकडं एकदा नीट बघितलं आणि काठी घेऊन गेले.

दहा वाजता फोनच्या पडद्यावर वीस चौकटी उघडल्या. एकोणीस पोरांच्या, एक सरांची. सर नांदेडचे, नाव रामलिंग. तेही घरूनच परीक्षा घेत होते. मागं भिंतीवर कॅलेंडर, कुठंतरी आत कुकरची शिट्टी. पण आवाज असा करडा की पाठ केलेलं उत्तर पोटातच विरघळावं. "तीन ताकिदी म्हणजे तीन. चौथं वाक्य मी बोलत नाही. आणि ही सगळी परीक्षा रेकॉर्ड होते आहे. सुरू करा."

पहिले दहा प्रश्न झरझर गेले. अकराव्याला दीपाली डोकं धरून बसली, आणि समोरचा फोन एकाएकी सरकला. तिनं मान वर केली तर डबाच चालला होता! सुमनबाई फाटक सोडून गुडघ्यांवर रांगत आली होती. कॅमेऱ्यात दिसू नये म्हणून जमिनीला चिकटून, पण डोक्यावर पदर मात्र घेतलेला. भाकरीला पीठ पाहिजे होतं, आणि पीठ सरांच्या पाठीमागं.

"माय, ठिव की तो डबा!"

"आगं, दोन मुठी घेते नुसत्या..."

फोन धाडकन पडला. सरांना तिकडं छपराचे पत्रे आणि एक पाल दिसली असेल. फोन उभा करेपर्यंत करडा आवाज आला, "दीपाली. पहिली ताकीद."

माय पिठाच्या हातानं तोंड झाकून बाहेर पळाली. पळाली ती चुलीपाशी. फाटक उघडंच राहिलं.

उघड्या फाटकातून आत आली पंचफुला. शेजारीण. तिला विरजण पाहिजे होतं. आपल्याकडं कुणाच्या घरात शिरायचं तर दारातूनच बोलत शिरायची पद्धत, म्हणजे घरच्यांना कळावं कोण आलं. पंचफुला ती पद्धत फाटकापासूनच पाळायची. "सुमन, इरजण हाय का गं वाटीभर? आमचं दूध फाटलं मेलं..." आणि बोलत बोलत थेट बैठकीत. दीपाली हलेना, बोलेना, नुसते डोळे मोठे करून बघतेय. पंचफुलाला वाटलं पोरीला झटका आला. ती वाकली, आणि फोन तिच्या नजरेला पडला.

"आगं बया! किती लेकरं कोंबून बसिवलीत यात! आन ते कोपऱ्यातलं तर रडून राहिलंय की गं!"

कोपऱ्यातलं पोरगं खरंच रडकुंडीला आलं होतं, त्यालाही अकरावा प्रश्न अडला असावा.

"दुसरी ताकीद," सर म्हणाले.

सुमनबाईनं पंचफुलाला दंडाला धरून ओढत नेलं. घड्याळात चौतीस मिनिटं उरलेली, प्रश्न अठ्ठावीस. आता एक मांजर जरी आत आलं तरी नांदेड गेलं. तिनं दात आवळले आणि भिडली. वीस झाले. पंचवीस झाले. एकतीस झाले. बाहेर सगळं शांत होतं, आणि त्या शांततेनंच खरं म्हणजे तिला सावध करायला हवं होतं.

कारण सरांचा तो करडा आवाज, दोन्ही वेळचा, फोनमधून निघून, उघड्या दारातून, फाटकातून, थेट पारापर्यंत गेला होता. आबांचे कान टकाटक. सुट्टी कसली न् कार्यक्रम कसला? घरात सर आलेत! आणि घरात पाव्हणा आलेला असताना घरचा कर्ता पारावर तंबाखू मळत बसलाय!

एकतिसावा प्रश्न झाला आणि दारात पटका दिसला. धुतलेला सदरा. हातात फुलाफुलांचा कप, बशीत दोन बिस्किटं. सासऱ्यांनी मागितला तर सुमनबाई चहा टाकणार नाही कशी?

"आबा..." दीपाली दबक्या आवाजात म्हणाली. "आबा, हात जोडते. भाईर जावा."

माईक चालू होता. हे सगळ्या वीस चौकटींनी ऐकलं. वर्षभरात पहिल्यांदा आबांचं बोलणं फोनच्या पलीकडं जाणार होतं, आणि तेही नेमकं आज.

"जय भीम, सर," आबा म्हणाले.

सरांनी वर बघितलं. ओठ उघडले. "तिसरी..."

"सर, पोरीला काय बोलू नका. गुन्हा माझा हाय. वरीस झालं तुमी येऊन राहिलात, आन मी कधी तुमचं नाव इचारलं न्हाई. आज तर मी घरीच नव्हतो. चहा घ्या, मग काय ताकीद द्यायची ती मला द्या."

आबांनी कप फोनसमोर ठेवला. दोन्ही हातांनी, अलगद, दांडी सरांच्या बाजूला करून. आणि मागं सरून भिंतीला टेकून उभे राहिले. पाव्हण्यासमोर बसायचं कसं?

दीपालीचे डोळे भरून आले. पण ते रागानं भरले की कशानं, हे तिचं तिलाच कळेना. समोर पेपरचं घड्याळ चाललं होतं. तेरा मिनिटं. तिनं ओठ चावला आणि बत्तिसावा प्रश्न उघडला. बंद पडेल तेव्हा पडेल, पडेपर्यंत तर सोडवू!

"तिसरी ताकी..." सरांनी पुन्हा सुरू केलं, आणि त्यांच्याच चौकटीत मागून एक हात आला. हातात हिरव्या बांगड्या. बांगड्यांच्या मागून कपाळभर विभूती लावलेली एक म्हातारी आली आणि तिनं सरांच्या पुढ्यात चहाचा पेला आदळला.

"अय्यो, रामलिंगा! मघापास्नं ऐकून राहिले मी. म्हातारा मानूस चहा घिऊन उभा हाय, आन तू ताकीद, ताकीद! हेच शिकिवलं का तुला?"

"अव्वा, परीक्षा चालू आहे..."

"असू दे की! परीक्षा हाय म्हून मानसानं मानूस सोडायचं का?" ही गंगम्मा, सरांची आई, मूळची देगलूरकडची. ती वाकून फोनात बघायला लागली. "राम राम हो आजोबा! कोनतं गाव तुमचं?"

"रेनापूरजवळ, माय," आबा भिंतीपासून म्हणाले.

"रेनापूर! माझ्या थोरल्या नंदेचं सासर हाय की तिथं!"

आता मात्र चौकटींमध्ये खसखस पिकली. कुठल्यातरी कोपऱ्यातून, बहुतेक त्या रडणाऱ्या पोराच्याच, आवाज आला, "सर, नियम तुमाला बी हाय का? तुमच्याकडं पण दुसरी व्यक्ती दिसून राहिली. पहिली ताकीद!"

सरांचा चेहरा बघण्यासारखा झाला. करडेपणा कुठल्या कुठं पळाला, आणि त्याच्या जागी एक पस्तिशीचा पोरगा राहिला, आईसमोर सापडलेला. सगळं रेकॉर्ड होत होतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. एकदा आईकडं बघितलं, एकदा आबांकडं. मग आईनं आणलेला पेला उचलला आणि कॅमेऱ्यासमोर धरला.

"आजोबा, माझं नाव रामलिंग. हा बघा, चहा घेतला." आणि खरंच एक घोट घेतला. "आता तुम्ही बाहेर बसा. दीपालीला नऊ मिनिटं राहिलीत. तिला लिहू द्या."

"बसतो की सर. तुमी निवांत घ्या." आबा उलट्या पावली बाहेर गेले. पाव्हण्याला पाठ दाखवायची नसते.

"अव्वा, तूही," सर म्हणाले.

"जाते, जाते. पूर्ण पी."

नऊ मिनिटांत दीपालीनं उरलेले प्रश्न कसे सोडवले ते तिला आजही सांगता येत नाही. निकालाचं आत्ताच सांगून टाकतो, उगाच कुणाचा जीव टांगणीला नको. एकतीस मार्क पडले. पास झाली, नांदेडलाही गेली. पण तो निकाल तीन आठवड्यांनी लागला. त्या दिवशी पडद्यावर नुसतं 'पेपर जमा झाला' एवढंच आलं, आणि एकेक चौकट विझत गेली. शेवटी सर राहिले. ते कॅमेऱ्याकडं वाकून काहीतरी बोलले, दीपालीनं मान हलवली, आणि तेही गेले.

मग ती कप उचलून बाहेर आली. वर साय आलेली, गार झालेला. आबा अंगणात शेळीपाशी बसले होते. ती त्यांच्यासमोर बसली आणि जे वर्षभर सांगितलं नव्हतं ते एका दमात सांगून टाकलं. "आबा, सर कधी चहा घेत नव्हते. फोनातून कोण चहा पेतंय का? मी पेत होते. रोज. मी खोटं बोलले तुमच्याशी. आन आज तुमाला भाईर जावा म्हनले, एवढ्या मानसांसमोर..." आणि ती रडायला लागली.

आबा शेळीच्या कानामागं खाजवत राहिले.

"सराच्या कपाच्या बुडाला रोज बिस्किटाचा चुरा ऱ्हायचा," ते म्हणाले. "एवढा शिकल्याला मानूस पोरावानी बिस्किट बुडवून खाईल व्हय? म्हाईत हाय मला. पयल्या दिसापास्नं म्हाईत हाय."

दीपालीचं रडणं जागच्या जागी थांबलं. "मग तुमी रोज चहा का करायला लावत होता?"

आबा बोलले ते शेळीकडं बघून. "निजाम जाऊन दोन-तीन सालं झाली होती. मी साळंत जायचो. कुनी पोरगं आलं न्हाई की मास्तर त्याच्या घरी जायचा, बोलवायला. बाकीच्यांच्या घरात बसायचा, दूध प्यायचा. आमच्या वस्तीत यायचा न्हाई. वस्तीभाईर लिंबाखाली उभा ऱ्हायचा आन लांबनं हाक मारायचा, ग्यान्याऽऽ म्हून. माजी माय येडी. तिला वाटायचं, आज तर येईल. मास्तर येनार म्हून तांब्या राखंनं घासायची, गुळाचा खडा काढून ठिवायची. तांब्या उंबऱ्यातच ऱ्हायचा." त्यांनी नाक पुसलं. "माय मेली तवर मास्तर घरात आला न्हाई. आन आता तुझ्यामुळं रोज सर घरात. फोनात का आसंना. फोनला तोंड नसतंय, म्हाईत हाय मला. पन आलेल्याला इचारायचं सुद्धा न्हाई का?"

दीपालीनं हातातला कप बघितला आणि तिला सर जाताना काय म्हणाले ते आठवलं.

"आबा, सरांनी निरोप दिलाय तुमाला."

"काय?"

"म्हनले, आजोबांना सांग, चहा झकास झाला होता. फक्त साखर थोडी जास्ती पडली."

आबांनी तिच्याकडं बघितलं. यावेळी ती खोटं बोलत नव्हती, आणि टकाटक नजरेच्या माणसाला ते कळायला वेळ लागला नाही. ते हसायला लागले. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, पटक्याच्या शेवानं पुसलं तरी थांबेना. मग त्यांनी स्वयंपाकघराकडं तोंड केलं आणि सगळ्या वस्तीला ऐकू जाईल असा आवाज दिला.

"सुमन! पुढच्या टायमाला रामलिंग सरांच्या चहात साखर कमी घाल गं. त्येनला गोड चालत न्हाई!"